भोपळ्यांची खोली

४ जानेवारी

प्रिय मामा आणि मामी,

पोचले, रुजू झाले, राहायला खोलीही मिळाली. खिडकीतून बर्फाच्या कारखान्याची भिंत दिसते, बाकी काही नाही. पण खोलीला कडी आहे आणि ती आतून माझ्या हातात आहे, याचं मला अजून कौतुक वाटतं.

मामा, निघताना तू विचारलं होतंस, की एवढी पदवी घेऊन मी नक्की करणार काय. सांगते, पण हसू नकोस. मी भोपळे सांभाळते.

आमच्या कीड संशोधन केंद्रात एक लांबट खोली आहे. खिडक्यांना काळं कापड, आत फळ्यांवर ओळीनं लाल भोपळे, आणि प्रत्येक भोपळ्यावर कापसासारखा पांढरा थर. तो थर म्हणजे तुझा जुना वैरी, पिठ्या ढेकूण. ज्याच्यापायी पपईची पानं आखडतात, फळं चिकट होऊन काळी पडतात आणि बागवाले तुझ्या टोळीला फवारणीला बोलावतात, तोच. आम्ही तो मुद्दाम वाढवतो. हे काम भोपळेवाल्या मावशींचं. त्या भोपळा न्हाऊ घातल्यासारखा धुतात, पुसतात, त्यावर ढेकणांची पिल्लं सोडतात. मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पदवी बाहेर चपलांपाशी ठेव आणि आत ये. इथं नख लागलं तर भोपळा सडतो."

हे ढेकूण आम्ही वाढवतो ते खाऊ म्हणून. शेजारच्या खोलीत जाळीच्या पिंजऱ्यांत एक माशी आहे. गांधीलमाशीच्या कुळातली, पण इतकी बारीक की टाचणीच्या डोक्यावर बसेल. माणसाला ती डसूच शकत नाही. पिठ्या इथे परदेशातून आला तेव्हा त्याला मारणारी ही माशी तिकडेच राहिली, म्हणून तो माजला. आता तिलाही तिकडून आणलंय.

काल भिंगाखाली पहिल्यांदा पाहिलं. माशी पिठ्याच्या पाठीवर चढते, शेपटाची सुई आत खुपसते, अंडं ठेवते आणि निघून जाते. पिठ्याला पत्ता नसतो. तो रस पितो, हिंडतो, वरून नेहमीसारखाच दिसतो. आतून अळी त्याला खात असते. मग तो फुगतो, तपकिरी आणि टणक होतो, आणि एके दिवशी त्याच्या पाठीला गोल भोक पडून नवी माशी बाहेर येते. मागे राहते नुसती खोळ. मला किळस आली, मामा, आणि तेवढाच आनंदही झाला. कारण ही माशी बागांमध्ये पसरली की फवारणी थांबेल. तुझ्या पाठीवरचा तो विषाचा पंप उतरेल. खोकताना तू रुमाल लपवतोस, ते मी पाहिलंय.

पंपाच्या पट्ट्याखाली मामीनं माझ्या शाळेच्या निळ्या झग्याची गादी शिवली होती, खिशासकट. ती टिकलीय का?

तुमची,
चिमणी


१७ जानेवारी

मास्तरीणबाईंना मामाचा दणकून नमस्कार.

पत्र पोचलं. मामीनं दोनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा मी अड्ड्यावर वाचलं, सगळे पंप धुवायला बसले होते तेव्हा. आमच्या खानदानात नोकरीवरून पत्र पाठवणारी तू पहिलीच, मग मिरवायला नको? ढोल्या म्हणाला, "पदवी घेऊन पोरगी ढेकणांची दाई झाली!" सगळे खो खो हसले. मी म्हटलं, "तुझ्या घरात कुणी माणसांची तरी झालंय का रे?" त्यावर त्याच्याच बायकोचा भाऊ इतका हसला की बादलीत पडला.

मग ढोल्या हसायचा थांबला. म्हणाला, "म्हणजे पिठ्या तिथून येतो होय?" मी म्हटलं, येडा आहेस. पण नीट उत्तर काही मला देता आलं नाही. ते जरा आमच्या डोक्यात शिरेल असं लिहून पाठव.

इकडे धुमश्चक्री चालू आहे. टेकाडावरच्या बागवाल्यानं या खेपेला फवारणी नको म्हणून सांगितलं, वर ढोल्याला आईवरून शिवी दिली. ढोल्यानं पितळी नळी फिरवली, बागवाल्याचे पुढचे दात गेले. मी सोडवायला गेलो. मध्ये पडलं की आपलाही हात एखादा लागतोच. लागला. तू लगेच तोंड पाडू नकोस. या धंद्यात मऊ माणसाला कुणी पंप देत नाही.

खोकला आहे तेवढाच आहे. मामी वाढवून सांगते.

गादी ठणठणीत आहे. खिशात मी नळीची जादा पितळी तोटी ठेवतो. तुझ्या शाईचा डाग मात्र विष सांडूनही गेला नाही.

मामा


९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझ्या पत्रावर मी हसले आणि मग रागावलेही. दात पाडून काय मिळालं? तुला ठाऊक आहे, तू हात उगारलास की मी लहानपणी कोठीमागे जाऊन बसायची. माझ्यावर कधी उगारला नाहीस, तरी बसायची.

ढोल्यामामांना माझं उत्तर अड्ड्यावर वाचून दाखव. आमच्या खोलीतून एकही पिठ्या बाहेर जात नाही. दाराला दुहेरी कापड आहे, बाहेर पडताना आम्ही झटकून, पुसून निघतो. बाहेर जातात त्या फक्त माश्या. पण हो, पिठ्या आम्ही वाढवतो आणि हजारोंनी वाढवतो. तुमच्या सगळ्या बागांत मिळून नसतील एवढे आमच्या एका खोलीत आहेत! त्यांच्याशिवाय माश्या कशा होणार? आणि खरं सांगायचं तर तुमच्या विषानं आधी या माश्या मरतात आणि पिठ्या आपल्या कापसात सुखरूप राहतो. तुम्ही जितकं फवारता तितका तो वाढतो. हे मी मनानं सांगत नाही, आमच्या साहेबांनी मोजून पाहिलंय.

नदीपलीकडच्या बागांत आम्ही माश्या सोडल्या होत्या. त्या वाऱ्यावर पुढे गेल्या. जिथे आम्ही पाऊलही टाकलं नाही तिथल्या पानांवर भोकं पडलेल्या खोळी सापडताहेत. मामा, मला इतकं छान वाटतंय! आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी सुरू केलं आणि ते माझ्याशिवाय पुढे चाललंय.

तू एकदा स्वतः येऊन बघ. बर्फाच्या कारखान्यामागचं पत्र्याचं फाटक. दुपारी ये. साहेब आणि पहारेकरी जेवायला जातात, फाटकावर कुणी नसतं, आत मावशी आणि मी दोघीच असतो. निवांत दाखवता येईल. मावशींना तुझ्याबद्दल सगळं सांगितलंय. म्हणाल्या, "येऊ दे तुझ्या मामाला, भोपळे उचलायला गडी हवाच आहे."

चिमणी


३ मार्च

चिमणे,

तुझं पत्र वाचून दाखवलं. या वेळी कुणी हसलं नाही. मधली दोनचार वाक्यं गाळायला हवी होती, पण एकदा मोठ्यानं वाचायला लागलो की मला थांबता येत नाही. तुझं अक्षरही एवढं स्वच्छ.

नदीपलीकडचं काम गेलं. टेकाडावरचं गेलं. बागवाले आता आम्हाला बघून फाटकं लावून घेतात. एकजण मला म्हणाला, "तुमच्याच भाचीच्या केंद्रातून माश्या आणल्या, पंप घेऊन पुढं जा." सगळी टोळी मागं उभी होती. ढोल्यानं माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या माणसाची झाडं कोयत्यानं उभी चिरलेली सापडली, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. कुत्राही मारून टाकला होता. मी तिथं नव्हतो. होतो, पण रस्त्यावर उभा होतो.

तुला एक विचारतो. सगळे पंप उतरल्यावर ही माणसं काय करणार, ते तुझ्या साहेबांनी मोजलंय का?

येऊ म्हणतो तुझ्याकडं एखाद्या दुपारी.

मामा


२९ मार्च

मामा,

तुम्हाला कळलं असेलच, पेपरात आलंय. तरी लिहिते. मला हे सगळं एकदा कुणालातरी क्रमानं सांगायचं आहे, आणि लहानपणापासून मी सगळं तुम्हालाच सांगत आले.

दुपार होती. मावशींनी एक भोपळा उचलून धरला होता, म्हणत होत्या, "बघ, अगदी साहेबांसारखा, मान नाहीच." तेवढ्यात दार लाथेनं उघडलं. पाठीवर पंप, हातात नळ्या, तोंडाला ओली फडकी. किती होते ते सांगता येत नाही, खोली भरली. एक जाडा माणूस ओरडला, "हे बघा! वाढवतायत! इथून सोडतात आपल्यावर!" त्यानं एक भोपळा भिंतीवर आपटला. मग सगळेच फोडू लागले, बुटांनी, नळ्यांनी. सगळीकडे लाल गर, बिया आणि त्यात चिरडलेले पांढरे ढेकूण. फळ्या कोसळल्या. शेजारच्या खोलीतले पिंजरे त्यांनी खिडकीतून बाहेर फेकले, काचेसकट. मी "ऐका, ऐका" म्हणत होते. मला वाटत होतं, नीट समजावून सांगितलं की थांबतील.

मग एकानं माझा दंड धरला. खांद्यातलं हाड सरकल्याचा आवाज मी ऐकला. त्यानं मला ओढत दाराबाहेर नेलं आणि अंगणात फेकलं, विषाच्या वाटेतून दूर. मला वाचवायलाच फेकलं त्यानं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

तो परत वळला. दारात मावशी हात पसरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या भोपळ्यांना हात लावायचा नाही." त्यानं पितळी नळी त्यांच्या डोक्यात घातली. त्या पडल्या नाहीत म्हणून पुन्हा घातली. मग त्या खाली बसल्या, दमलेलं माणूस बसतं तशा. बाकीच्यांनी तोट्या उघडल्या. बंद खोलीत, त्या आत असताना.

ते गेल्यावर मी एका हातानं मावशींना बाहेर ओढलं. तोंडातून फेस येत होता, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या होत्या. कपाळावरचं रक्त भोपळ्याच्या गरात मिसळलं होतं. कुठलं काय ते कळत नव्हतं. मी पुसत राहिले. त्या अजून इस्पितळात आहेत. शुद्ध नाही.

पोलिसांनी विचारलं, कुणाला ओळखलंस का. मी म्हटलं, तोंडं बांधलेली होती. ते खरंच आहे.

मामीला एक विचारा. पंपाच्या पट्ट्याखालच्या गादीचा खिसा एका बाजूनं उसवलाय का? मला फेकलं तेव्हा माझी बोटं त्यात अडकली होती. आतली तोटी माझ्या मुठीत राहिली. ती माझ्या उशीखाली आहे.

चिमणी


५ एप्रिल

तुझ्या पत्रातलं पहिलंच वाक्य वाचलं आणि कळलं. जन्मात कधी तू मला 'तुम्ही' म्हणाली नाहीस.

गादी मी जाळली. चुलीत घातली. आता जा आणि सांग पोलिसांना. पितळी तोट्या बाजारात ढिगानं मिळतात.

तुझी आई गेली तेव्हा तू केवढी होतीस ते आठवतं का? मी तुला खांद्यावर घालून आणली. पंप एका खांद्यावर आणि तू दुसऱ्या. माझ्या हाताची कातडी सोलून निघायची तरी तुझ्या वहीला कधी बोट लावलं नाही, विष लागेल म्हणून. तुझ्या पहिल्या पत्रात लिहिलं होतंस ना? माशी येते, आत अंडं ठेवते, आणि वरून पिठ्या नेहमीसारखाच दिसतो. खातो, पितो, हिंडतो, त्याला पत्ता नसतो. मीही नेहमीसारखाच दिसत होतो, चिमणे. अड्ड्यावर बसून तुझी पत्रं वाचत होतो मोठमोठ्यानं. आत तू मला खात होतीस.

मी टोळीला म्हटलं होतं, बाईमाणसाला हात लावायचा नाही, नुसतं फवारून निघायचं. मग ती म्हातारी दारात उभी राहिली. मागून ढोल्या ओरडला, "भाचीसाठी शेपूट घातलंस होय रे!" सगळे बघत होते. माझा हात उठला. का उठला विचारशील तर मला सांगता येत नाही. तो नेहमी उठतो तसाच उठला.

गप्प राहा. म्हातारी बरी होईल. मामी जेवत नाही. तू या घरची आहेस.

मामा


१२ एप्रिल

मामा,

मावशी काल सकाळी गेल्या.

त्यांचं कुणी नव्हतं. अंघोळ मी घातली, एका हातानं. न्हाऊ घालताना नख लागू नये एवढंच डोक्यात होतं.

तुम्ही लिहिलंत त्याला उत्तर देते. हो, मी तुमच्या घरात वाढले. तुमचा पंप उतरावा म्हणूनच हे काम धरलं. पंप उतरल्यावर तुमचं काय होईल हा विचार मी केला नाही, तो करायला हवा होता. 'हजारोंनी वाढवतो' हे मीच लिहिलं. दुपारची वेळ मीच सांगितली, फाटकावर कुणी नसतं हेही मीच. मावशींच्या उशाशी बसून मी ते पत्र मनात पुन्हा पुन्हा वाचलं. पण नळी मी उचलली नव्हती. तुम्ही उचललीत, आणि दुसऱ्यांदाही उचललीत.

आणखी एक. तुम्ही पिंजरे खिडकीतून फेकलेत ना? ते कारखान्यामागच्या नाल्यात पडले. आतल्या, अजून न फुटलेल्या तपकिरी खोळींना विष लागलंच नाही. त्यातून माश्या निघाल्या आणि गेल्या. आमच्या साहेबांनी त्या हळूहळू, बाग बघून सोडायचं ठरवलं होतं. तुम्ही एका दुपारीत सगळ्या सोडल्यात. आता त्या तुमच्या अड्ड्याच्या कुंपणावरच्या जास्वंदीवरही सापडतात. आता पंपांना काम राहणार नाही. त्यासाठी मावशींना मारायची गरज नव्हती आणि त्यानं काही थांबलंही नाही.

सोमवारी मी पोलिसांकडे तोटी घेऊन जाणार आहे. तुम्ही त्याआधी स्वतःहून गेलात तर बरं. नाही गेलात तरी मी जाणार.

मामीला सांगा, मी तिच्याकडे येत नाही ते तिच्यावर रागावले म्हणून नाही.

चिमणी


२० नोव्हेंबर

चिमणे,

तुरुंगातून लिहितोय. अक्षर वाकडं आहे, उजव्या हाताची दोन बोटं मोडली. ढोल्याही इथंच आहे. आल्या आल्या त्यानं माझं नाक फोडलं आणि बोटांवर पाय देऊन उभा राहिला. सगळ्यांना मीच आत घातलं म्हणतो. खरं आहे.

मी स्वतःहून गेलो नाही, हे तुला ठाऊकच आहे. तुझ्या सोमवारची वाट बघत घरात बसलो होतो. पोलीस आले तेव्हा मामीनं दार उघडलं. मी आतून हळूच म्हटलं, घरात नाही म्हणून सांग. तिनं हो म्हणून सांगितलं.

कोर्टात तू उभी राहिलीस. खांदा अजून एका बाजूला कललेला. आमच्या वकिलानं विचारलं, तोंड बांधलेलं होतं तर ओळखलंस कसं? तू गादीचं सांगितलंस, खिसा, शाईचा डाग. तो म्हणाला, "कुठंय ती गादी? कुणी पाहिली?" तू माझ्याकडं पाहिलंस. मग तो हसला, म्हणाला, "साहेब, बढतीसाठी ही मुलगी खोटं बोलते आहे. ज्या घरी खाल्लं त्याच घरावर उलटली." त्यानं मला आधीच बजावलं होतं, तू फक्त गप्प बस, सुटलास.

मी गप्प बसलो होतो. पण तो तुला खोटारडी म्हणाला. सातवीत तू पेपरात चुकून जास्त गुण पडले म्हणून मास्तरांकडं परत गेली होतीस, रडत. मीच बाहेर उभा होतो. मला ते एकदम आठवलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "गादी मामीच्या पेटीत आहे. ती खोटं बोलत नाही." मी ती चुलीत घातली हे खरं, पण मामीनं चिमट्यानं ओढून काढली होती. एक कोपरा जळलाय. मला ठाऊक होतं. झाकून ठेवलेलं मी बघत होतो.

वकिलानं कपाळावर हात मारला. तू खाली बघत होतीस. मला वाटलं, वर बघशील.

मावशींनी हात पसरले होते ते अजून दिसतं. डोळे मिटले की जास्त दिसतं. मी माफी मागत नाही. मागायची ती मावशींकडं, आणि मावशी नाहीत. तुझ्याकडं मागितली तर ते सोपं होईल, म्हणून मागत नाही.

इथल्या आवारात पपईची चार झाडं आहेत. गेल्या महिन्यात जमादार माझ्याकडं आला. म्हणाला, "तू फवारणीवाला ना? पिठ्या पडलाय, हा घे पंप." पट्टा खांद्यावर घेतला. खाली गादी नव्हती, पट्टा सरळ हाडात रुतला. झाडापाशी गेलो, पान उलटं केलं. पिठ्या होताच, पण मधूनमधून तपकिरी, टणक खोळी. प्रत्येकीच्या पाठीला गोल भोक. कुणी आणल्या नव्हत्या, एवढ्या उंच भिंतीवरून आल्या होत्या. मी एकेक खोळ मोजत उभा राहिलो. जमादारानं पाठीत काठी घातली, म्हणाला, "मार ना!" मी पंप उतरवून ठेवला. आणखी दोन बसल्या. पुन्हा उचलला नाही.

मामी सांगत होती, तू तिला भेटून गेलीस. गादी तिच्याकडं मागितलीस, पण ती कोर्टानं ठेवून घेतलीय.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. पण कधी यावंसं वाटलं, तर दुपारी ये. भेटीची वेळ तीच आहे. इथं फाटकावर माणूस असतो.

मामा